ओ द्यायची नाही

त्या दिवशी मी फक्त एक बाटली घासायला घेतली होती. आमच्या सासऱ्यांची, सुभेदार केशोरावांची वरसी होती, वर्षश्राद्ध. वडे तळून झाले होते, पत्रावळी पुसून ठेवल्या होत्या. फोटोपुढं त्यांची लष्करातली एखादी वस्तू मांडावी म्हणून हे म्हणाले, खुंटीवरची पाण्याची बाटली काढ. म्हणून काढली. यापेक्षा जास्त काही माझ्या मनात नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं घर फुलचूरला, गोंदियाच्या बाहेर. मागच्या दारापासूनच धानाच्या बांध्या सुरू होतात. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणत असू. लाम, म्हणजे मोठी लढाई, संपल्यावर ब्रह्मदेशातून ते परत आले ते खांद्यावर सुभेदारीची फीत आणि हातात ही बाटली घेऊन. रोज दिवेलागणीच्या आधी ते बाटली विहिरीच्या पाण्यानं भरत, उशाशी ठेवत आणि सकाळी पाणी तसंच्या तसं अंगणात ओतून देत. एक घोट पीत नसत. मी नवी असताना विचारलं, तर म्हणाले, "शिपायाची आदत आहे, बाई."

दुसरी एक आदत त्यांनी सगळ्या घराला लावली होती. दिवे लागताना मागच्या बांधीतून कोणी हाक मारली, तर ओ द्यायची नाही.

"कोण मारते हाक?" मी विचारलं होतं.

"कोणी नाही. म्हणूनच देऊ नको."

मला कधी नीट ऐकू आलं नाही. लांब कोणी गाडीवान बैलाला बोलत असावा, तसं काहीतरी यायचं. पण त्या वेळी मामाजी दोनदा खाकरायचे. माणूस बोलण्याआधी घसा साफ करतो ना, तसे. मी वाट बघायची, आता बोलतील. पण ते तोंड मिटून भिंतीकडं बघत बसायचे.

माझा मुलगा शुक्रवारी झाला, म्हणून सुकराम. आमच्याकडं वारावरून नाव ठेवतात, त्यात काही विचार करायचा नसतो. पण बारशाला नणंदेनं मोठ्यानं नाव घेतलं आणि छपरीत जेवायला बसलेले मामाजी भरल्या पत्रावळीवरून उठून गेले. त्या दिवसापासून त्यांनी पोराला ना नावानं हाक मारली, ना मांडीवर घेतलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, अगदीच अडाणी नाही. मला कळत होतं की गावभर दोस्ती करणाऱ्या या माणसाला माझं पोर नको आहे. पोर सावळं आहे, माझ्यावर गेलं आहे, म्हणून असेल.

आणि ते पोर बोलेना. तीन वर्षांचं झालं तरी एक शब्द नाही. आई नाही, पाणी नाही. झाडपाला झाला, नवस झाले, गोंदियाच्या डॉक्टरला दाखवून झालं. मी मनात मामाजींनाच बोल लावायची. घरातला कर्ता माणूस ज्याला हाकच मारत नाही, ते पोर ओ कोणाला देणार?

तर ती बाटली. तिच्यावरचं खाकी बनातीचं कापड मळून कडक झालं होतं. ते सोडवून काढलं. खाली निळा मुलामा होता आणि त्यावर खिळ्यानं कोरलेली अक्षरं. मी राखेचा हात पदराला पुसला आणि वाचलं. सुकराम.

खोटं कशाला बोलू, मी चुलीपाशी बसून रडले. म्हटलं, म्हाताऱ्यानं तोंडानं नाही, पण हातानं नातवाचं नाव घेतलं. रोज उशाशी घेऊन झोपत होता.

जेवणं उरकली. पाहुण्यांना पोचवायला हे स्टेशनावर गेले. छपरीत मामाजींचे दोघंच दोस्त उरले, टिकाराम हवालदार आणि बकाराम. दोघं मामाजींच्याच पलटणीतले. दर रविवारी येऊन बसायचे. टिकारामकाका बोलायचे, बकारामकाका ऐकायचे.

"सूनबाई, चाय आन ना," टिकारामकाका म्हणाले. "सुभेदार मेला तं चाय बी मेली का?"

"चाय आहे, काकाजी. साखर तुम्ही संपवली."

"पाय बकाराम, सुभेदाराच्या सुनेले जीभ हाये." मी चहा आणून दिला, तेव्हा फोटोकडं बघून म्हणाले, "असा दोस्त नाही होनार बाप्पा. दोस्तासाठी जान देनारा मानूस."

बकारामकाका चहाकडं बघत म्हणाले, "कोनाची?"

टिकारामकाका हसले. बकारामकाका हसले नाहीत.

मी बाटली आणून दोघांपुढं ठेवली. पोर माझ्या कडेवर होतं. म्हटलं, "तुम्हीच बघा, काकाजी. लोक म्हणत होते सुभेदाराला नातू आवडत नाही. बाटलीवर त्याचं नाव कोरून ठेवलं होतं."

टिकारामकाकांनी कप खाली ठेवला. "झाकून ठेव ते."

"काऊन झाकू?" बकारामकाकांनी बाटली उचलली. अक्षरांवरून बोट फिरवलं, ते तांबडं झालं. "गंज पाय, बाई. हा तीन वर्साचा हाये का? हे तुह्या पोराचं नाव नाही. हे सुभेदाराच्या महापरसादाचं नाव हाये."

महापरसाद काय ते मला ठाऊक होतं. आमच्याकडं दोन माणसं देवासमोर जगन्नाथपुरीचा वाळलेला भात एकमेकांच्या तोंडात घालतात आणि सख्ख्या भावापेक्षा जवळची होतात. मग जन्मभर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. दोघांनीही एकमेकांना 'महापरसाद' म्हणायचं. आणि महापरसादानं हाक मारली, तर तोंडातला घास टाकून ओ द्यायची. मामाजींचा असा कोणी दोस्त दरेकशाचा होता, लामावर मेला, एवढं ह्यांना माहीत होतं. नाव माहीत नव्हतं. ज्या घरात ते कधी उच्चारलंच नाही, तिथं मला तरी कोण सांगणार? मीही ह्यांचं नाव घेत नाही.

"त्याले लिहिता येत नव्हतं," बकारामकाका म्हणाले. "सुभेदारानंच कोरून देल्लं. तवा सुभेदार नव्हता, हवालदार होता. मागं हटून राहिलो होतो आमी. सुकरामच्या मांडीले गोळी लागली. सुभेदार त्याची बाटली घेऊन निंगाला. म्हने, महापरसाद, नाल्यातून पानी भरून आनतो. आमी दहा जनानं नाला वलांडला. बाटली भरली. अन बसलो."

"बसलो म्हणजे?"

"बसलो, बाई. नाल्याच्या त्या आंगाले दुश्मन हाये म्हून बसलो. त्या आंगानं हाक येऊन राहिली होती. महापरसाद... पानी... सुभेदारानं हुकूम देल्ला, कोनी ओ द्यायची नाही."

"ओ देल्ली असती तं दहाबी मेलो असतो," टिकारामकाका म्हणाले. "तुले काय समजते, बाई, लामातलं."

"दुश्मन नव्हता, टिकाराम." बकारामकाकांचा आवाज चढला नाही. "सकाळी पायलं ना आपन. त्याच्याशिवाय त्या आंगाले कोनी नव्हतं. तोंड नाल्याकडे होतं त्याचं. सुभेदारानं बाटलीतलं पानी वतून देल्लं अन म्हने, चला. वर सांगतलं, गोळी लागली तवाच मेला. आपनबी तेच सांगतलं. त्यावर सुभेदारी भेटली."

मला चहाच्या त्या सगळ्या रविवारांची किळस आली. इतकी वर्षं हे दोघं माझ्या हातचा चहा पीत होते, पत्ते खेळत होते, एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते. ती दोस्ती म्हणजे तिघांनी मिळून बंद धरलेलं एक तोंड होतं, दुसरं काही नाही.

ऊन कधी उतरलं कळलं नाही. कंदील लावायला हवा होता. धान कापलेल्या बांध्यांवरून तणसाचा ओला वास आला आणि त्यात दुसराही एक वास, गंजलेल्या पत्र्याचा. मला वाटलं, बाटलीचाच.

मग हाक आली. या वेळी नीट ऐकू आली.

"महापरसाद..."

टिकारामकाकांनी मान खाली घातली. बकारामकाका गोष्ट सांगताना थांबले नव्हते, ते आता बोटं एकमेकांत घट्ट अडकवून बसले. दोघंही तसेच बसले, नाल्याच्या काठावर बसले असतील तसे. मी पोराला छातीशी आवळलं.

"महापरसाद..." जवळून. विहिरीच्या अलीकडून.

माझ्या कडेवरून पोरानं मान उचलली. तीन वर्षांत ज्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, ते पोर मागच्या दाराकडं बघून स्पष्ट म्हणालं,

"ओ."

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. पण ओ देऊन झाली होती.

पोर बोललं म्हणून ह्यांनी पेढे वाटले. टिकारामकाकांनी गावभर सांगितलं, वरसीच्या दिवशी नातू बोलला, सुभेदाराचा आशीर्वाद आहे. बकारामकाका त्यानंतर आले नाहीत.

आता पोर दिवेलागणीलाच तेवढं बोलतं. दिवसभर मुकं. मागच्या उंबऱ्यावर जाऊन बसतं, कोणी मारून उठवलं तरी तिथंच. गडवाभर पाणी पितं, पण ओठ उन्हाळ्यातल्या बांधीसारखे भेगाळलेलेच. मी त्याचं नाव बदललं, ते नव्या नावाला बघत नाही. बाटली भरून मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर ठेवते आणि हात जोडते. सकाळी ती भरलेलीच असते. माझ्या हातचं पाणी त्या हाक मारणाऱ्याला नको आहे.

काल बांधीतून हाक आली नाही. मला जरा बरं वाटलं. कंदिलाची काच पुसत होते. तेवढ्यात उंबऱ्यावरून पोरानंच अंधाराकडं तोंड करून हाक मारली. आवाज त्याचा नव्हता, थकलेल्या माणसाचा होता.

"महापरसाद... पानी..."

आणि बांधीत कोणी तरी खाकरलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

तो घसा मी ओळखते. पोराचा हात धरून मी वाट बघत बसले, की आता बोलतील, आता तरी बोलतील. पोर मान वर करून ऐकत होतं.

कोणी ओ दिली नाही.