मिन्काने निजायचं कुठे

शनिवारी सौना, म्हणजे चुलीवरच्या तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफेने न्हायची लाकडी खोली, तापवायचा, हा नेम हिल्काने नवरा गेल्यावरही मोडला नव्हता. फिनलंडातला तो हिवाळा. दुपार सरते न सरते तोच अंधारून आलं होतं. तळं गोठून गेलेलं, अंगणात घोटाभर बर्फ, आणि ती बर्चची लाकडं हातावर रचून तळ्याकाठच्या सौनाकडे खेपा घालत होती. मागे मागे मिन्का.

मिन्का म्हणजे रुमानियातल्या रस्त्यांवरून उचलून आणलेली काळी, लांब पायांची कुत्री. प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेकडून हिल्काने तिला मागच्याच आठवड्यात घरी आणलं होतं. आल्यापासून तिने ना भुंकून दाखवलं होतं, ना कण्हून. तिच्या वाटचंही भुंकून घ्यायचा तो घरातला जुना कुत्रा रेपे. दिवसा तो तिला चालवून घ्यायचा, पण दिवे मालवले की दात विचकून तिला भिंतीशी दाबायचा. सोमवारी संस्थेची बाई बघायला येणार होती. दोघं नांदत नसतील तर मिन्काला परत न्यावं लागेल, असं तिने फोनवर गोड आवाजात बजावलं होतं. परत म्हणजे पिंजऱ्यात.  दोन रात्री वेगळं निजवलं तर रेपेचं डोकं थंड होईल, असा हिल्काचा हिशेब होता.

शेजारचा म्हातारा टाइस्टो धुरी दिलेला मासा घेऊन आला तेव्हा तिने त्याला बेत सांगितला.

"सौनात निजवणार?" टाइस्टो जागीच थबकला. "शेवटच्या वाफेनंतर?"

"मग? बाहेरच्या खोलीत ऊब चांगली टिकते."

"ऊब टिकते गं. पण शेवटची वाफ आपली नसते. निघताना दगडांवर पळाभर पाणी टाकायचं, दार ओढायचं आणि मागे न बघता घरी यायचं. आपले आईबाप काय खुळे होते?"

"कुणाची असते मग?"

टाइस्टोने सौनाच्या काळ्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "हे तू मला विचारतेस? एल्मा गेली तेव्हा तिला शेवटचं न्हाऊ कुठे घातलंत?"

एल्मा ही हिल्काची सासू. बाई उभी जळती चूल होती. कधी सुनेला सोबत घेतलंच, तर सौनात सगळ्यांत वरच्या बाकावर बसून ती दगडांवर पाणी ओतत राहायची, आणि सून लालबुंद होऊन दाराकडे धावली की खदखदून हसायची. "शहरातलं लोणी! लागलं वितळायला!" कुत्र्यांवर तर तिचा दातच होता. कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेर, आणि सुनेची सगळ्यांच्या मागून. एरवी आधी पुरुष, मग सासू, मग निवत आलेल्या दगडांपाशी हिल्का.

"जन्मभर मी तिची उष्टी वाफ घेतली, टाइस्टो," हिल्का म्हणाली. "आता माझ्यामागून जी कोण येईल, तिने कुत्र्याशेजारी बसावं."

"जिभेला हाड नाही तुझ्या."

"मासा ठेव आणि जा. नाहीतर अंधारात घरी जायची भीती वाटेल तुला."

तिने सावकाश आंघोळ केली. बाहेरच्या खोलीत नवऱ्याची जुनी गोधडी अंथरली, मिन्काला तिच्यावर बसवलं, कान कुरवाळले. निघताना पाण्याची बादली दिसली. पळाभर पाणी टाकायला हात सवयीने पुढे गेला, तो तिने मुद्दाम मागे घेतला आणि दार ओढून घरी आली.

ताटल्या विसळत असताना तिला आवाज ऐकू आला. चर्रर्र... तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा. मग पुन्हा. टेबलाखाली शिरून रेपे थरथरायला लागला. खिडकीतून पाहिलं तर सौनाच्या धुराड्यातून धुराचा लोट निघत होता. चूल तर तिने स्वतः विझवत आणली होती.

कंदील घेऊन ती अंगण ओलांडून गेली. गोधडी रिकामी होती. आतलं दार सताड उघडं, आणि त्यातून अंगावर झोडायच्या ओल्या बर्चपाल्याचा वास येत होता. त्याखाली आणखी एक वास होता, बंद पेटीतल्या कपड्यांचा. मिन्का चुलीपाशी पाठीवरचे केस ताठ करून उभी होती. तिची नजर वरच्या बाकाच्या कोपऱ्यावर खिळली होती. तिथे कुणी नव्हतं. तरी फळी करकरली... कुणी अंगाचा भार इकडून तिकडे टाकावा तशी.

"कुत्रं... बाहेर..."

आवाज कानात नव्हे, वाफेतच होता. हिल्काने कंदील खाली ठेवला. मिन्काला उचलून पळत सुटावंसं वाटलं. पण मग ही कुत्री जाणार कुठे? घरात रेपे, बाहेर हाडं फोडणारी थंडी, त्यापलीकडे पिंजरा. आणि मी? मी तरी अजून किती वर्षं दाराकडे धावायचं? भीतीच्या खालून तिला असा काही संताप आला की तिने कोट फेकला आणि वरच्या बाकावर चढली.

"सासूबाई, सरका."

पळा कुठे होता ते दिसलं नाही, पण दगड चरचरले आणि वाफेचा तडाखा तिच्या तोंडावर आला. हिल्काने बादलीच मांडीशी ओढली आणि ओंजळीने पाणी मारलं. पलीकडून पुन्हा. हिच्याकडून पुन्हा. कानाच्या पाळ्या पोळल्या, नाकातून आग गेली, कंदील धुकटून गेला. खाली मिन्का जमिनीला पोट लावून पडली, पण दाराकडे गेली नाही.

"ही इथेच राहणार," हिल्का धापा टाकत म्हणाली. "मीही. ऐकतेस ना, एल्मा? लोणी नाही राहिलं आता... कढून तूप झालंय. कितीही तापव."

उरलेली सगळी बादली तिने दगडांवर पालथी केली.

फळी करकरली. तिच्या मांडीला घासून काहीतरी ओलं, जड, खाली उतरलं. बाहेरचं दार धाडकन उघडलं आणि थंडी आत घुसली.

हिल्का हसली. रडता रडता, मोठ्याने, पोटभर हसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सासू तिच्याआधी सौनातून उठली होती.

कोट पांघरून ती मिन्काला घेऊन बाहेर आली, आणि तिचं हसू जिरलं. बर्फात अनवाणी पावलं उमटली होती. ती ना तळ्याकडे गेली होती, ना दफनभूमीच्या वाटेला. सरळ घराकडे गेली होती. घराचं दार उघडं होतं.

"बरं," हिल्का मिन्काला म्हणाली. "मग तिथेही बघून घेऊ."

स्वयंपाकघरात रेपे टेबलाखालून बाहेर आला. गुरगुरला नाही, येऊन मिन्काच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. दोघंही निजायच्या खोलीकडे बघत होती. पलंगावर भिंतीकडच्या बाजूला पांघरुणात एक खळगा पडला होता. ओला, आणि त्यातून अजून वाफ निघत होती.

"चढ," हिल्का म्हणाली.

मिन्का पलंगावर चढली. त्या खळग्याचा वास घेतला, आणि या घरात पहिल्यांदा तिच्या घशातून आवाज आला, खोल, खरखरीत. मग दोनदा गिरकी घेऊन तिने बरोबर तिथेच अंगाचं वेटोळं केलं. रेपे पायथ्याशी पडला. हिल्काने दिवा मालवला.

बऱ्याच वेळाने तिला जाग आली. मिन्का गाढ झोपेत घोरत होती. आणि झोपेतच तसूतसूने हिल्काकडे सरकत होती... कुणी भिंतीच्या बाजूने तिला ढकलत असावं तशी.

हिल्काने पलंगाच्या कडेला टाच रोवली, मिन्काच्या पाठीला खांदा लावला आणि मागे रेटायला सुरुवात केली.