केसरबाईंची संमती

आमच्या रुग्णवाहिकेच्या मागच्या कक्षाला दुधी काचा आहेत. रुग्णाची अब्रू झाकली जावी म्हणून त्या बसवलेल्या असतात. पण त्यामुळे आत काम करणाऱ्यालाही बाहेरचं काही दिसत नाही. गाडी कुठे चालली आहे, हे चालकाच्या भरवशावर सोडावं लागतं. धनेशच्या बाबतीत मला त्याची कधी अडचण वाटली नाही. तो रेवदंड्याच्या कोळीवाड्यातलाच, मी माणगावची. काम नसलं की किल्ल्याच्या तटाच्या सावलीत गाडी लावून आम्ही डबा खात असू. माझी भाजी बघून तो म्हणायचा, "ताई, दर्याच्या कडेला राहून दुधी खाताव? पाप लागंल."

डिसेंबरातल्या एका दुपारी त्याच्याच वाड्यातून फोन आला. केसरबाई नावाची म्हातारी मासळी वाळत घालता घालता कोसळली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा तिला पडवीत खाटेवर निजवलं होतं. उजवं अंग लुळं पडलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं आणि वाचा पूर्ण गेलेली. डोळे मात्र जागे होते.

मी तिच्या कानाशी वाकले. "आजी, मी नेत्रा. तुम्हाला अलिबागच्या दवाखान्यात नेऊ ना?"

"तिला काय इचारताव?" तिचा मुलगा विनेश म्हणाला. "न्या लवकर."

मागून एका बाईचा दबका आवाज आला. "ती तर बोलायची, मना दवाखान्यान न्हाय मराचं."

शुद्धीत असलेला रुग्ण नको म्हणाला तर त्याला हात लावण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण तो बोलू शकत नसेल आणि जीव धोक्यात असेल, तर त्याची संमती आहे असं कायदा धरून चालतो. प्रशिक्षणात आमच्या रुग्णवाहिका संस्थेच्या डॉ. मृणालींनी आम्हाला हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी तसंच धरलं. आजही मला ते चूक वाटत नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकली होती. मी बोलत असताना केसरबाईंचे ओठ हलत होते. उत्तर द्यायला नव्हे. माझ्याच शब्दांवर, माझ्याबरोबर. झटक्यानंतर येणारा कंप असेल, असं मी मनाशी म्हटलं.

विनेश पुढे धनेशजवळ बसला. मी मागे, केसरबाईंपाशी. दोन्ही कक्षांमध्ये बोलायला एक लहानसा स्पीकर आहे. चौल मागे पडलं असेल-नसेल, तिची नाडी माझ्या बोटांखालून गेली. मी छातीवर दाब द्यायला सुरुवात केली आणि डॉ. मृणालींना फोन लावून, आवाज मोठा करून तो बाकड्यावर ठेवला.

"काय परिस्थिती आहे?"

मी सांगितलं.

"मोठ्यानं बोल, नेत्रा. काही ऐकू येत नाही."

मी तर ओरडत होते. घसा कोरडा पडला होता आणि जिभेवर खारट चव होती. घाम ओठांवर आला असेल. मधे गाडीनं एक मोठं वळण घेतलं. रस्ता उखडलेला होता, धनेश खड्डा चुकवत असेल, असं मला वाटलं. मी दाब मोजत राहिले. फोन केव्हा तुटला ते कळलं नाही.

गाडी थांबली. दारं उघडली.

समोर दवाखाना नव्हता. वलांडीच्या बांबूंवर वाळणारे बोंबील होते, आणि केसरबाईंचं अंगण.

"धनेश, हे काय केलंस?"

त्याचा चेहरा गोंधळलेला होता. "तुमीच बोललाव ना, ताई?"

वाद घालायला वेळ नव्हता. इथून पुन्हा अलिबागला जाण्यापेक्षा इथल्या आरोग्य केंद्रातला डॉक्टर लवकर आला असता. मी त्याला बोलावणं पाठवलं आणि दाब देत राहिले. एका बाईनं माझा दंड धरला. "पुरं गो बाय. गेली ती." पण माणूस गेलं हे ठरवणं माझ्या हाती नाही, आणि मधेच हात काढून घेणंही नाही. डॉक्टर मोटारसायकलवरून येईपर्यंत मी थांबले नाही. त्यानं तपासलं, घड्याळ पाहिलं आणि माझे हात अलगद बाजूला केले.

उरणला दिलेली तिची मुलगी हेमाली हिनं तक्रार केली: आई जिवंत असताना तिला अर्ध्या वाटेवरून परत का आणलं? प्रश्न रास्त होता. मी तिच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. दोष माझा ठरला, तर मला पुन्हा कुठल्याही रुग्णवाहिकेवर काम मिळणार नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी सकाळी मी धनेशला गाठलं. धक्क्यावर भावाच्या होडीजवळ तो जाळं उकलत बसला होता.

"खरं सांग. विनेशनं फिरवायला लावली ना गाडी?"

"तो तर रडत व्हता. स्पीकरवर तुमचा आवाज आला."

"माझा?"

"तुमचा आवाज मी वलकत न्हाय व्हय? दिवसभर कान खाताव. धनेश, हळू. धनेश, हॉर्न." तो हसू पाहत होता, पण ते त्याला जमलं नाही. "फकस्त..."

"फक्त काय?"

"'गारी फिरव रं पोरा. मना घरा जावाचं हाय.' असं बोललाव."

होड्यांच्या पलीकडे कोणीतरी बर्फ फोडत होतं. "धनेश, मी तुला कधी पोरा म्हटलंय?"

"न्हाय."

"ही माझी भाषा आहे?"

"न्हाय. मना वाटलं, म्हातारी जसं बोलली तसं सांगताव."

"तिची वाचा गेली होती."

"म्हायती हाय," तो जाळ्याकडे बघत म्हणाला.

"हे उद्या सांगशील? जसं ऐकलंस तसं?"

"सांगीन, ताई. तुमचा काय गुना?"

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. दुधी काचांच्या आत बसून ठेवत आले होते, तसाच.

अलिबागला संस्थेच्या कार्यालयात चौकशी झाली. डॉ. मृणाली प्रमुख म्हणून टेबलामागे बसल्या होत्या. समोर हेमाली, विनेश, धनेश आणि मी.

"ताईंनी गाडी फिरवायला सांगितली," धनेश म्हणाला. "मी फिरवली."

"कोणत्या शब्दांत?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या चपलांकडे पाहत होता.

"साध्याच. 'धनेश, गाडी फिरव.'"

विनेशनं मान हलवून दुजोरा दिला. धनेश माझ्या शेजारी येऊन बसला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "माफ करा. येड्याला कोन गाडी चालवाला देतं, ताई?"

मग डॉ. मृणाली म्हणाल्या, "फोन चालू होता. नेमके शब्द आठवत नाहीत. पण 'फिरव' मीही ऐकलं. आवाज नेत्राचा होता."

ज्यांनी मला रुग्णाला सोडायचं नाही हे शिकवलं, त्यांनी हे माझ्याकडे न पाहता सांगितलं. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला फक्त थंडी वाजली.

"नेत्रा, तुझं म्हणणं?"

मी उभी राहिले. पहिलं वाक्य पाठ होतं: मी त्यांना सोडलं नाही. मी श्वास घेतला.

घसा कोरडा पडला. जिभेवर खारट चव आली.

डॉ. मृणालींनी पेनाला टोपण लावलं.

"ठीक आहे," त्या हळूच म्हणाल्या. "स्वतःहून सगळं कबूल केलंस, हे बरं झालं. उद्यापासून गाडीवर येऊ नकोस."

मी अजून एक शब्दही बोलले नव्हते.

"मॅडम, मी काही बोललेच नाही," मी म्हणाले. पुन्हा म्हणाले. कोणीही मान वर केली नाही. धनेश भिंतीकडे सरकून बसला होता. विनेश केव्हाच बाहेर निघून गेला होता.

फक्त हेमाली उठून माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत तक्रार उरली नव्हती. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"मांदेली," ती म्हणाली. "लहानपणी, घरात कोणी नसलं की आई मला मांदेली म्हणायची. विनेशलाही माहीत नाही."

ती माझ्या समोरच्या खुर्चीत बसली, पदर नीट केला आणि लहान मुलीसारखी वर पाहू लागली.

"पुन्हा एकदा मारा ना ती हाक."