चिदंबररावांचा उकाडा

सेटटॉप बॉक्स कापडाखाली झाकू नये, हे मी अग्रहारातल्या माझ्या टीव्हीच्या दुकानात बसून जन्मभर सांगितलं. ऐकलं कुणी नाही. भावसारांच्या घरी तर मुळीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या कापडं रंगवणारी, छापणारी माणसं, उघडी वस्तू त्यांना बघवत नाही. मिक्सरला झूल, फोनला झूल, टीव्हीला तर नवरीसारखी शाल.

यंदा एप्रिलात शेजारच्या भागीरथीवहिनींनी मला बोलावलं. बॉक्स काचेच्या कपाटात, वर जाड छापील कापड. हात लावला तर तवा. चित्र मध्येच अडकत होतं. आणि त्या बॉक्सात त्यांच्या यजमानांचं, चिदंबररावांचं, रेकॉर्डिंग होतं. छपाईच्या कामाबद्दल ते एका स्थानिक चॅनलवर बोलले होते. ते गेले तेव्हा लेक सुप्रीताला कॅनडाहून निघता आलं नव्हतं. आता मेमध्ये ती येणार होती.

"फोनवर घेऊन पाठवा की," मी म्हटलं.

"सुम्ने, गप बसा, शामण्णा. तिनं इथं बसून बघायचं. तोवर ह्याला जगवा."

मी कापड काढलं, बॉक्स कपाटाबाहेर भिंतीपासून जरा पुढे ठेवला, मागे छोटा पंखा लावला. मग लावून बघितलं. चिदंबरराव ह्याच बैठकीत, वेताच्या खुर्चीवर, पंच्यानं मान पुसत बोलत होते.

काही दिवसांनी वहिनी म्हणाल्या, "नोडी, बघा, हे आता घाम पुसत नाहीत."

रेकॉर्डिंग बदलत नसतं, हे मी त्यांना नीट समजावलं. मग बघितलं. पंचा मांडीवर घडी घालून ठेवलेला. शब्द तेच.

वहिनींना बरं वाटलं. "गार लागतंय त्यांना," म्हणाल्या.

पुढं गळ्याचं बटण लागलं. मग मफलर आला. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि बॉक्सच्या पत्र्यावर दंव धरलं होतं. मी पंख्याची वायर तपासली. वायर ठीक होती.

सुप्रीता यायच्या आदल्या दिवशी चिदंबररावांच्या तोंडातून वाफ येत होती. ओठ निळे पडले होते.

वहिनींनी उठून पंखा बंद केला.

"वहिनी, उद्यापर्यंत टिकायचं नाही हे. जळेल."

"दम्याचा माणूस तो. थंडी सोसत नाही त्यांना."

"मग सुप्रीता काय बघणार?"

वहिनींनी कापड आणून बॉक्सवर पांघरलं, कडा खोचल्या.

दुसऱ्या दुपारी सुप्रीता टीव्हीसमोर बसली. कापड हातानं धरवत नव्हतं, इतकं तापलेलं. चित्र मात्र स्वच्छ आलं. चिदंबरराव मोकळ्या गळ्यानं, चांगले लालबुंद होऊन बोलले. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मग खुर्चीतून उठले आणि चौकटीबाहेर गेले.

जळका वास आला. पडदा काळा झाला.

"मामा, अप्पा उठून गेले का?" सुप्रीतानं मला विचारलं. "आई, असंच होतं का हे?"

वहिनी स्वयंपाकघरातून मज्जिगेचे पेले घेऊन आल्या. ताक पातळ, आलं घातलेलं. आम्हाला दिलं. एक जास्तीचा पेला वेताच्या खुर्चीपुढच्या स्टुलावर ठेवला.

"एवढ्या उकाड्यातून आलेत," म्हणाल्या. "तहान लागली असेल."

मी बॉक्सची पिन काढायला वळलो. परत बघतो तर स्टुलावरचा पेला रिकामा.

उचलून काठावरून बोट फिरवलं. काठ कोरडा होता.

त्या घरात सगळे उंच धरूनच पितात, ओठ लावत नाहीत.