सोळा तासांचा केर

शिरपूरच्या झुंबरबाईंचा एक नेम होता. घरातलं माणूस गावाला निघालं, की ते पोहोचल्याचं कळेपर्यंत घरात केरसुणी फिरवायची नाही. धुळ्याला जाणाऱ्याचा केर तासाभरात निघे. पण या खेपेला त्यांचा मुलगा हितेंद्र नोकरीसाठी मुंबईहून थेट न्यूयॉर्कला निघाला होता, आणि शेजारच्या दिपमालाने मोबाइलवर बघून सांगितलं, "अक्का, साडेबारा हजार किलोमीटर. सोळा तास."

"सोया तास? बठ्ठा, आख्खा दिन केर घरमा?"

"मग झाडून घ्या. विमानाला काय कळतंय?"

झुंबरबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने चहा एका घोटात संपवला.

विमान रात्री एकला उडालं, म्हणजे आपल्या घड्याळाने संध्याकाळी पाचला उतरणार. बाई तशा खुशीत होत्या. पोरगं स्वतःच्या हिमतीवर चाललं, म्हणून ऊर भरून येत होता. फक्त ते सुखरूप उतरेपर्यंत जीव टांगणीला होता. दुपारी तीनच्या सुमाराला त्या दारापुढच्या ओट्यावर वाटाणे सोलत बसल्या. गल्ली सामसूम होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. आणि आतून आवाज आला.

सर्र... सर्र... मग क्षणभर थांबणं. पुन्हा सर्र... सर्र...

दोन फटके, मग दम. बाई वाटाणे टाकून उठल्या. असं झाडणारं माणूस या घरात एकच होतं, सासूबाई धुरपदाबाई. उजव्या हातावरून वारं गेल्यापासून त्या अशाच झाडायच्या. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"आत्या..." उंबऱ्याशीच उभ्या राहून त्या कुजबुजल्या, "झाडू नका... तुमना नातू आजून आभायमा शे..."

आवाज थांबला नाही. उलट घाई वाढली. आत्या दातांना लावायच्या त्या मिसरीचा जळका वास दारापर्यंत आला. मग एकदम सगळं गप्प झालं.

बाई मन घट्ट करून आत गेल्या. केरसुणी दारामागे, होती तिथेच होती. पण फरशीवर ताजे फराटे उठले होते, आणि ते उलटे होते. केर दाराकडे लोटलाच नव्हता. उंबऱ्यापासून आत ओढत नेऊन देवघरापाशी धुळीचा एवढासा ढीग केला होता.

फोन वाजला तेव्हा चारच वाजले होते. त्यांनी धावत जाऊन तो उचलला.

"माय, पोचनू! समोरथून वारा व्हता, तरी तासभर आधी उतरनं. पायलट बी चक्रायना!"

झुंबरबाईंना रडूही आलं, हसूही आलं.

"जेवना का रे?"

"जेवनू. आठे न्यूयॉर्कमा बठ्ठा बरफच बरफ शे, माय."

फोन ठेवून त्यांनी देवाला हात जोडले, आत्यांनाही जोडले. आता झाडायला हरकत नव्हती. समाधानाने त्या केर सुपलीत भरायला वाकल्या, आणि हात झटकन मागे आला. धुळीखाली, पोराच्या वाटेवरून झाडून आणल्यासारखा, पांढरा गार बर्फ होता, आणि तो बोटांवर वितळत होता.