रांगेतला बगळा

इकुयो काकूंच्या कॉफीच्या दुकानात मी शिरले ती केवळ पावसाची भुरभुर चुकवायला, आणि बघते तर काय... भिंतीवर मीच उभी!

हो, मीच. चांगल्या मोठ्या चौकटीत. मासेवाल्याच्या दुकानासमोर, राखाडी कोटात, मान खांद्यांत खुपसून. आणि माझ्या शेजारी, तशीच मान खांद्यांत खुपसलेला, तसाच राखाडी, एक बगळा. आमच्या ओसाकात मासेवाल्यांच्या दाराशी बगळे ताटकळत असतात, त्याचं कुणाला नवल नाही. पण आम्हा दोघांची नजर एकाच बांगड्यावर होती, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर अगदी तोच भाव... आपला नंबर कधी लागणार, देव जाणे.

खाली नाव होतं : ‘रांगेत पुढे कोण?’

शेजारच्या टेबलावरच्या दोन बायका हसून हसून लाल झाल्या होत्या. खरं सांगू? मलाही आधी हसूच फुटलं. मग तो दिवस आठवला, आणि ते ओठांवरच विरलं.

“काय वाटतं तुम्हाला? बांगडा कुणाला मिळाला असेल?”

मागे एक उंच मुलगा उभा होता. केस भिजलेले, गळ्यात कॅमेरा, एका बुटाची लेस सुटलेली.

“बगळ्याला,” मी म्हणाले.

“अरे वा! एवढी खात्री?”

“त्याला काय हवंय ते त्याला माहीत होतं. त्या बाईला नव्हतं.”

“बिचारीची बाजू कुणीच घेत नाही,” तो हसला. हसताना त्याचे डोळे पार मिटत. “मी मात्र पहिल्यापासून तिच्याच बाजूचा. फोटो मीच काढलाय ना! मी तात्सुरो.”

“मी चिझुरू,” मी म्हणाले. “ती बाई.”

फोटो काढला तेव्हा माझे केस पाठीवर रुळायचे, आता कानापर्यंतच होते. त्यानं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे... आणि त्याचा चेहरा उतरला.

“त्या दिवशी आईला जाऊन आठवडाही झाला नव्हता.” एका अनोळखी माणसाला हे मी का सांगत होते, कोण जाणे. “घरी आम्ही तिघं. नेहमी बांगड्याचे तीन तुकडे न्यायचे. मासेवाल्यानं विचारलं, किती देऊ? आणि मला... दोन म्हणता येईना. म्हणून नुसतीच उभी राहिले.”

त्यानं एकही सबब सांगितली नाही. कमरेत वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग खुर्चीवर चढून त्यानं तो फोटो उतरवला आणि माझ्या हातात दिला.

“अरे तात्सुरो, तुझ्या फोटोंचं प्रदर्शन अजून चालू आहे!” इकुयो काकू आतून ओरडल्या.

“ह्या भिंतीपुरतं संपलं, काकू.”

---

एवढी मोठी चौकट घरात लपवणार कुठं? बाबा शिवणयंत्राशी शाळेच्या गणवेशाची बाही उसवत बसले होते. आई गेल्यापासून आमच्या शिंप्याच्या दुकानात यंत्राचाच काय तो आवाज. बाबा एका ‘हं’वर दिवस काढायचे.

“काय आणलंयस?”

“काही नाही.”

“बघू तरी काही नाही कसं दिसतं ते.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ धरला. मी श्वास रोखला. आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, रडताहेत.

“चिझू...” त्यांना बोलवेना. “अगं, हा बगळा... तुझ्यापेक्षा समजूतदार दिसतोय गं!”

आणि बाबा हसत सुटले. गळ्यातल्या टेपनं डोळे पुसत पुसत हसले. “तुझी आई असती ना, तर म्हणाली असती, त्यालाही घेऊन यायचंस जेवायला!”

आई गेल्यावर तिचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा असं मोकळेपणी निघालं. मग काय, चहा निवून गेला तरी आम्ही तिच्याबद्दलच बोलत होतो. बाबांनी फोटो दुकानात, मापं घ्यायच्या आरशाशेजारी टांगला.

मी मात्र विचारात पडले. फोटो बघून हसणाऱ्यांना माझं दुःख दिसत नव्हतं, हे खरं. पण माझ्या दुःखाच्या शेजारी एक बगळा उभा होता, हे मला तरी कुठं दिसलं होतं?

---

पुढच्या सुट्टीला मी पुन्हा इकुयो काकूंकडे गेले. कॉफी प्यायला, असं स्वतःला सांगितलं. तो कोपऱ्यात बसला होता. कॅमेऱ्याच्या काचेवर झाकण.

“बाबांनी आभार सांगितलेत,” मी म्हणाले आणि घरी काय झालं ते सगळं सांगितलं. ऐकताना तो कपाच्या कानाशी खेळत राहिला.

“मी लग्नाच्या स्टुडिओत काम करतो,” तो हळूच म्हणाला. “दिवसभर लोकांना ‘हसा, हसा’ म्हणतो. हसतात, पण नुसते ओठांनी. म्हणून सुट्टीला रस्त्यावर फिरतो... न मागता मिळणारं हसू शोधत. आता कॅमेरा उचलला की वाटतं, ह्या माणसाच्या घरी आज काय झालं असेल?”

“मग विचारायचं.”

“कुणाला?”

“त्या माणसालाच. फोटो काढायचा, लगेच दाखवायचा. हसला तर ठेवायचा.”

“आणि चिडला तर?”

“तर मी पळेन. तुमची लेस सुटलेली असते, तुम्ही सापडाल.”

त्यानं घाईघाईनं पायांकडे पाहिलं. सुटलेलीच होती!

तेव्हापासून आमचे रविवार रस्त्यावर जाऊ लागले. न्हाव्याच्या दुकानाबाहेर ‘आज केस निम्म्या दरात’ अशी पाटी होती. तिच्या बरोबर खाली एक तुळतुळीत डोक्याचे भिक्षू बसची वाट बघत होते. फोटो पाहून ते इतके हसले की बस चुकली, वर एक प्रत मठात पाठवायला सांगितली. एका आजोबांच्या आणि त्यांच्या कुत्र्याच्या कपाळावर एकसारखीच झुलपं होती. ते मात्र भडकले. “माझ्या कुत्र्याची चेष्टा करतोस?” तात्सुरोनं तिथल्या तिथं, त्यांच्यासमोर, फोटो पुसून टाकला आणि कुत्र्यालाही वाकून नमस्कार केला.

“छान होता हो फोटो,” मी हळहळले.

“होता. पण तो त्यांचा होता.”

तो कुणाच्या मागे धावत नसे. एखादी भिंत, एखादी पाटी निवडायची आणि उभं राहायचं. “हसू आपल्या पायांनी येतं,” तो म्हणायचा. वाट बघताना तो डोळे बारीक करायचा, जिभेचं टोक दातांत धरायचा... रस्ता सोडून मी त्याच्याकडेच बघतेय, हे कळायला मला जरा वेळच लागला.

“काय बघताय एवढं?”

“भिंत.”

“भिंत तिकडे आहे.”

“मला ठाऊक आहे भिंत कुठं आहे ते!” मी म्हणाले, आणि माझे कान तापले.

---

वसंतातल्या एका दुपारी त्यानं मला नदीवर बोलावलं. आमच्या भागात पलीकडे जायला फुकटची नाव आहे. माणसं सायकली घेऊनच चढतात, आणि बसते न बसते तोच दुसरा काठ येतो. त्याच्या गळ्यात कॅमेरा नव्हता.

“विसरलात?”

“नाही. आज... बोलायचंय.”

नाव सुटली. वाऱ्यानं माझे केस तोंडावर आले.

“चिझुरू, गेले कित्येक दिवस मला... म्हणजे तुम्ही जेव्हा...” नाव काठाला लागली.

आम्ही उतरलोच नाही. परतीच्या वाटेवर त्यानं पुन्हा सुरुवात केली. “म्हणजे असं की, तुम्ही शेजारी असलात की...” पुन्हा काठ! असं इकडून तिकडे, तिकडून इकडे चाललं होतं. शेवटी नावाडी म्हणाला, “साहेब, तुम्हाला नक्की कुठल्या काठाला जायचंय?”

“मी दुकानात जाऊन परत आले, तरी हा अजून ‘म्हणजे’वरच आहे,” सायकलच्या टोपलीत कांद्याच्या लांब पाती घेऊन उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या. “बोलून टाक रे पोरा! माझी पात सुकायला लागली.”

सगळी नाव आमच्याकडे बघू लागली. तात्सुरो लालेलाल. आणि त्याच्या डोक्याच्या बरोबर वर पाटी : ‘कृपया घाई करू नये.’

मला हसू आवरेना.

“हसू नका ना...” तो कळवळून म्हणाला.

“तुला नाही रे हसत—”

माझा मलाच धक्का बसला.

“काय म्हणालीस?”

पाणी नावेला थपथप आपटत होतं. मला वाटलं, मासेवाल्यासमोर एकदा शब्द घशात अडकला होता, आता नको.

“आवडतोस तू मला,” मी म्हणाले.

“अगंबाई, हिनंच म्हटलं!” पातीवाल्या बाई.

“पण... ते तर मी म्हणणार होतो!”

“मग म्हण की.”

आणि तो म्हणाला. नेमकं तेव्हाच नावाड्यानं इंजिन उलटं फिरवलं, आणि त्या घरघरीत त्याचं बोलणं माझ्याशिवाय कुणालाच ऐकू गेलं नाही.

“काय म्हणाला गं? काय म्हणाला?” बाई सायकलसकट पुढे सरकल्या.

“सांगणार नाही,” मी म्हणाले.

तात्सुरोनं माझा हात हातात घेतला. नाव काठाला लागली, सायकली खडखडत उतरल्या. नावाड्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि काही न विचारता नाव पुन्हा पलीकडच्या काठाकडे वळवली.