चौकटीच्या कडेला

मंगळावरच्या तळाच्या नियंत्रणकक्षात पडद्यावर एकामागून एक छायाचित्रं उतरत होती, आणि एकाही छायाचित्रात निशिकांत तळवटकर नव्हता.

सकाळी तो खडकांचे नमुने आणायला दरीच्या काठाकडे गेला होता. धुळीचं वादळ उठलं, गाडी कलंडल्याचं तो सांगत असतानाच आवाज तुटला. वादळ ओसरताच उडते शोधक सोडले होते. पण माणूस नाही आणि गाडीही नाही. पाठीवरचा प्राणवायू फार तर सूर्यास्तापर्यंत पुरणार होता.

भूगर्भशास्त्रज्ञ मृणाल धोपेश्वरकर डोळ्यांत तेल घालून पाहत होती. लाल उतार, लांबलेल्या सावल्या, क्षितिजाची स्वच्छ रेघ. 

“फर्झाना, ही चित्रं फार चांगली आहेत.”

“म्हणजे काय, ताई?” फर्झाना मुकादम तळाचं दळणवळण सांभाळायची.

“या उतारावर आपण हवामान मोजणारा खांब उभा केलाय. तो कुठंय?”

फर्झानाने चित्र मोठं केलं. खांब नव्हता. ती सावकाश म्हणाली, “शोधक मूळ चित्र पाठवतच नाही. तेवढी माहिती वाहून आणायला आपली संदेशांची वाट अरुंद आहे. तो चित्राचा सारांश पाठवतो आणि इथलं यंत्र त्यावरून चित्र पुन्हा रेखाटतं. या पद्धतीलाच आपण सारदृष्टी म्हणतो. मूळ चित्र तो साठवूनही ठेवत नाही.”

“सारांशात काय घ्यायचं ते कोण ठरवतं?”

“यंत्रच. ते माणसांकडून शिकतं. चित्रात महत्त्वाचं काय, याबद्दल या ग्रहावर माणसांनी लिहिलेलं एकच काही आहे. आपल्या छायाचित्र मंडळाचे अभिप्राय.”

 दर आठवड्याला तळावरची मंडळी एकमेकांची छायाचित्रं पाहायची आणि काय साधलं, काय सुधारता येईल ते मोकळेपणाने लिहायची. त्या ओसाडीत तेवढाच विरंगुळा. सर्वांत बारकाईने लिहायची ती मृणाल. तिच्या शब्दांनी कुणी दुखावत नसे आणि चित्रं खरोखर सुधारत. निशिकांतच्या चित्रांखाली मात्र तिला पुन्हापुन्हा तेच लिहावं लागे: कडेचा ठिपका काढ, नजर भरकटते. तो ठिपका म्हणजे तळावरचंच कुणीतरी असे. “एवढ्या उजाडात आपलं माणूस आहे, हे दिसायला नको का?” तो हसून म्हणायचा आणि पुढच्या चित्रात पुन्हा तेच करायचा.

“म्हणजे शोधकाला तो दिसला असेल,” मृणाल पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, “आणि त्याने वगळला असेल.”

“शोधक परत आणून सारदृष्टी काढायची तर अंधार पडेल. पण ते अजूनही शिकतंय, ताई. नवे अभिप्राय देऊन पाहू.”

तळावर होते नव्हते तेवढे सगळे लिहायला बसले. माणूस कुठेही असो, वगळू नका. माणसाशिवाय हे चित्र पोकळ आहे. मृणालने बोटं दुखेपर्यंत लिहिलं.

आणि मग चित्र आलं. मोठ्या शिळेला टेकून पांढऱ्या पोशाखातला माणूस बसला होता. फर्झानाला हुंदका आवरेना. दोघींनी दुसरी गाडी काढली, जिवाच्या आकांताने शिळेपाशी पोचल्या. तिथे कुणी नव्हतं. मऊ धुळीत पाऊलही उमटलेलं नव्हतं.

तळावरून निरोप आला, तो पूर्वेच्या टेकाडावर दिसतोय. पाठोपाठ दुसरा, तो दक्षिणेला आहे. मृणालने सगळी चित्रं गाडीतल्या पडद्यावर मागवली. निशिकांत प्रत्येक चित्रात होता. प्रत्येकात नेमका कडेपासून एक तृतीयांशावर, खांद्यावर तिरपा उजेड, सावली चित्राच्या आत वळलेली. ती इतरांना शिकवायची, अगदी तसा.

“आपण माणूस हवा म्हणालो,” फर्झाना पुटपुटली. “यंत्राने तो काढून दिला.”

सूर्य दरीच्या काठाला टेकत होता, उजेड निळसर होऊ लागला होता.  ज्या यंत्रापुढे मृणालने पदर पसरला, ते तिला खूश करायला टपून बसलं होतं.

पण माणसाला वगळायचं नाही, हेही ते शिकलंच होतं ना?

“फर्झाना, खरा माणूस आपल्या चौकटीच्या नियमांत बसणार नाही. यंत्राला विचार, यांतलं सर्वांत वाईट चित्र कोणतं?”

पडद्यावर एक घळ आली. मधोमध तोच देखणा माणूस उभा होता. आणि अगदी खाली, चौकटीच्या कडेला, कुणाचे तरी आडवे पडलेले जोडे दिसत होते. बाकीचा देह चौकटीबाहेर राहिला होता.

“जोडे,” मृणाल म्हणाली. फर्झानाने गाडी वळवली.

घळीपाशी पोचल्या तेव्हा उजेड विझत आला होता. चित्रात नसलेली निशिकांतची गाडी तिथे कुशीवर पडली होती. तिच्या आडोशाला कुणीतरी पालथं पडलं होतं. फर्झाना जादा प्राणवायूची नळकांडी ओढत पुढे धावली. मृणाल मात्र दोन पावलांवर थबकली. आज दिसलेल्या कशावरच तिचा विश्वास उरला नव्हता. ती गुडघ्यांवर बसली, डोळे मिटले आणि हात पुढे केला.

हाताला खांदा लागला. तो फार हळू, पण वरखाली होत होता.