आबांच्या खिशातली काडी

“माले काही व्हयनं तरी पोथी खंडू देऊ नको, रूपा.”

कौतिकआबांचं हे बोलणं सकाळपासून रूपाच्या कानांत घुमत होतं. अमळनेरच्या घरी आबा श्रावणातली पोथी वाचत असतानाच तिच्या या सासऱ्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. आता धुळ्याच्या दवाखान्यात, तातडीच्या विभागात, त्यांची नाडी चालता चालता थबकत होती.

“हृदयाची गोळी जास्त गेल्यासारखं वाटतंय,” डॉक्टर म्हणाले.

लगेच दीर नवल सगळ्यांदेखत कडाडला, “गोळ्या हीच देते! पोलिसांना बोलवा.”

रूपानं बोलावलं ते जिनलबाईंना. खासगी तपास करणारी ही बाई कमी बोलायची. तिची कसर सोबतचे निवृत्त हवालदार चुडामणभाऊ भरून काढायचे.

“पाकिटातल्या गोळ्या बरोबर भरतात,” मोजून झाल्यावर ते म्हणाले. “म्हणजे दुसरं पाकीट असणार!”

रूपाचे डोळे भरून आले.

जिनलबाई खाटेशी बसल्या. “काय होतंय, आबा?”

“बठ्ठं पिवळं दिखस. डॉक्टरना कोट बी पिवळा.”

आबांची पावलं सुजली होती, पोटऱ्यांत गोळे येत होते. सिस्टर सूज उतरवायचं इंजेक्शन भरत होत्या. आवाज मात्र खणखणीत.

“रोज पोथी इतकी मोठ्यानं वाचूनही घसा बसला नाही?” जिनलबाईंनी विचारलं.

“मी बसू देईन होय?” नवल म्हणाला. “वडिलांची काळजी आहे मला. काही जणांसारखं नाही.”

जिनलबाईंनी आबांच्या सदऱ्याच्या खिशातून चोखून मऊ झालेली एक काडी काढली.

“दातवण,” चुडामणभाऊंनी निकाल दिला.

“भाऊ, आबांच्या तोंडात एक दात नाही.” जिनलबाईंनी काडी हुंगली आणि त्या झटकन उठल्या. “सिस्टर, इंजेक्शन थांबवा! डॉक्टरांना बोलवा.”

डॉक्टर धावत आले.

“हे ज्येष्ठमध,” जिनलबाई म्हणाल्या. “माझ्या वडिलांचं काष्ठौषधीचं दुकान होतं. हृदयाची गोळी चालू आहे का, हे विचारल्याशिवाय ते ज्येष्ठमध देत नसत. रोज भरपूर चोखलं की अंगातलं पोटॅशियम उतरतं, सूज येते, गोळे येतात. मग रोजचीच गोळी विषासारखी चढते. पिवळं दिसणं ही त्याचीच खूण. आणि सुजेच्या इंजेक्शननं पोटॅशियम आणखी उतरलं असतं.”

“पण आम्ही औषधं विचारली होती,” डॉक्टर म्हणाले.

“घशासाठी चोखायच्या काडीला घरात औषध कोण म्हणतं?”

तेवढ्यात रक्ताचा अहवाल आला. पोटॅशियम खरंच खाली होतं.

“काडी आणायचं कोण?” चुडामणभाऊंनी पुन्हा रूपाकडे पाहिलं.

“मी,” नवल पुटपुटला. “बाजारातून जुडीच आणली होती.”

“मायेनंच आणलीत,” जिनलबाई हळूच म्हणाल्या. “इथे गुन्हेगार कुणीच नाही.”

दुपारनंतर आबांची नाडी सावरली. नवल हात जोडून “वहिनी...” म्हणत वळला, तर खाटेशी कुणी नव्हतं.

रूपा अमळनेरच्या बसमध्ये चढली होती. दिवेलागणीच्या आत तिला पोथीपुढे बसायचं होतं.